दोन पाटांवरची नवरी

मायच्या लग्नाची कॅसेट मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिली होती, की बँड कुठे वाजतो, आत्या कुठे रुसते आणि पंगतीत कुत्रं कुठून शिरतं, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. तरी त्या रविवारी तालुक्याच्या हॉलमध्ये, गावासोबत बसून ती पाहताना माझ्या हातातला माईक सुटून खाली पडला. तो धाडकन आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. जे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं कसं नाही, याचा मला अजून राग येतो. तो कुणावर काढायचा, हे मात्र नीट ठरत नाही.

आमचं खेडं शिरूर कासारच्या जवळ. तालुक्याच्या ठिकाणी एक सांस्कृतिक सभागृह आहे, त्याला सगळे नुसतं हॉल म्हणतात. नावात संस्कृती असली तरी तिथे लग्नं लागतात, पक्षाचे मेळावे भरतात आणि दहावी पास झालेल्यांना फायली वाटतात. मी त्याच रस्त्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. आम्ही तिघं होतो. मी, लग्नांचं शूटिंग करणारा आमचा एक स्टुडिओवाला मित्र, आणि माझी वसतिगृहापासूनची मैत्रीण, जी आता शाळेवर आहे म्हणून तिला चिडवायला आम्ही मॅडम म्हणतो. तिघांच्याही डोक्यात एकच किडा. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर बीडला जा, नाहीतर मोबाईलमध्ये डोळे घालून बसा, हे काय जगणं झालं? म्हणून ठरवलं, दिवाळीच्या आधीचे पाच रविवार, पाच कार्यक्रम, सगळ्यांना फुकट.

दिवाळीनंतर ठेवण्यात अर्थच नव्हता. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात आणि गावात म्हातारेकोतारे आणि कुत्री उरतात. खुर्च्यांना सिनेमा दाखवायचा नव्हता आम्हाला.

हॉल ज्यांच्या हातात आहे त्या पुढाऱ्यांकडे आम्ही अर्ज घेऊन, नकार धरूनच गेलो. ते म्हणाले, “घ्या की. कोन न्हाई म्हनतंय?” बॅनरवर त्यांचा फोटो सिनेमाच्या फोटोपेक्षा मोठा पाहिजे, एवढीच अट. तो आम्ही इतका मोठा छापला की लांबून येणाऱ्याला वाटावं, सिनेमात हेच आहेत.

सिनेमे निवडताना आमची जी भांडणं झाली तशी भावाभावांत बांधावरून होत नसतील. मित्राला मारामारी हवी, मॅडमला परदेशी हवं, मला रडवणारं हवं. पहिल्या रविवारी मॅडमचं चाललं. एक म्हातारा बर्फातून नुसता चालतो आणि खाली अक्षरं येतात. अर्ध्या तासात निम्मा हॉल रिकामा झाला. जाताना एकजण मित्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “का बे, सिनेमा म्हनून बोलवलं आन वाचाया बसवलं?” मॅडम दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. पुढच्या रविवारी मारामारी लावली आणि हॉल भरला. बाया डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला, मधे वाट. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे सांगावं लागत नाही.

शेवटचा रविवार कशाने भरायचा, हे मात्र ठरत नव्हतं. मित्राच्या स्टुडिओत त्याच्या वडिलांच्या काळातल्या लग्नाच्या कॅसेटी पडलेल्या होत्या. तो म्हणाला, “आपल्याच गावाचा सिनेमा लावू. लोकाला सांगू, जुन्या कॅसेटी, सीडी आना, त्यातलं मजेमजेचं कापून जोडू.” ऐकताच आम्हाला पटलं. खरोखरचं आपलं असं काही असेल तर तेच होतं. बेलबॉटम नाही तर निदान रुंद पायघोळ पँटी, गुलाबाच्या फुलात फिरणारी नवरी, बदामात अडकलेला नवरा. दोन आठवड्यांत पिशव्या भरून सीडी आल्या.

त्याच दिवसांत घरात वेगळंच शिजत होतं.

माझी धाकटी बहीण दहावीत आहे. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, घरी थोडी जमीन. पण त्याला ऊसतोडीला जायचं होतं, आणि तिकडे जोडीशिवाय काम मिळत नाही. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघं मिळून एक कोयता धरतात. म्हणजे लग्न दिवाळी झाल्याबरोबर, ट्रॅक्टर निघायच्या आत. पत्रिका छापायची नाही, मांडव मोठा घालायचा नाही, पाच-पन्नास माणसांत उरकायचं. कायदा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तर पत्रिका छापत नाहीत. भाऊबीजेला ते लोक सुपारी फोडायला येणार होते.

मला कळलं तेव्हा मी आबांसमोर आकाशपाताळ एक केलं. आबा म्हणजे आमचे वडील. बरीच वर्षं तेही तोडीला गेले, कंबर गेल्यावर थांबले, आता कापूस आणि शेरडं बघतात. माणूस वाईट नाही, मला शिकू दिलं, निदान वसतिगृहातून काढलं नाही. पण त्या दिवशी माझं बोलणं त्यांच्या एका कानातून दुसऱ्या कानात गेलं.

“चांगलं स्थळ परत परत येत न्हाई,” ते म्हणाले.

“ती पंधरा वर्षांची आहे, आबा.”

“मग? तुजी माय न्हाई आली बारकेपनी? काय बिगडलं तिचं?”

मी मायकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मला तिचा इतका संताप आला की जेवणाचं ताट ढकलून मी उठले. एक शब्द तर बोल, बाई! रात्रभर मी तिच्याशी बोलले नाही. धाकटी पुस्तक उघडं ठेवून एकाच पानाकडे बघत बसली होती. तिने विचारलं, “तायडे, लगीन झाल्यावर दहावीचा पेपर देता येतो का गं?” मी देता येतो म्हणाले.

तिसऱ्या रविवारी माय पहिल्यांदा हॉलमध्ये आली. त्या दिवशी एका शाळकरी पोरीचा सिनेमा होता. सगळे निघून गेल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो, तर माय स्टेजवर चढून पडद्याला हात लावून बघत होती.

“काय गं, फाडतेस का?” मी म्हणाले.

“ती सिनेमातली पोरगी केवडी असंल?”

“असेल बारा-तेराची.”

“हां. हितं कळतंय.” ती पडद्याकडेच बघत होती. “मोबाईलात समदेच बारके दिसत्यात. तितं न्हाई कळत.”

मी हसले. मायला पडद्याचं कौतुक वाटलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दोन दिवसांनी तिने पेटीतून स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटीची करून घेतलेली सीडी काढून माझ्या हातात दिली. “माजंबी लाव,” म्हणाली. घरात हे असं चाललेलं असताना हिला स्वतःचं लग्न मिरवायची हौस सुचते कशी, असं मला वाटलं. पण लावते म्हणाले.

त्या लग्नाचं शूटिंग मायच्या मामाने केलं होतं. तो माजलगावकडे साखर कारखान्यावर कामाला होता, चार पैसे बाळगून होता, त्याने हौसेने कॅमेरावाला आणला. आमच्या घरात ती कॅसेट म्हणजे हमखास करमणूक. तिच्यात एक जागा अशी आहे, की मंगलाष्टकांच्या वेळी नवरी अंतरपाटाच्या मागे दिसेनाशीच होते. मग कुणीतरी ओरडतं, आणि तिच्या पायाखालच्या पाटावर अजून एक पाट ठेवतात. तेव्हा तिचं कपाळ वर येतं. पाहुणे आले की आबा ही गोष्ट सांगायचे. “लग्नात लई बुटकी व्हती वो ही. दोन पाट लागले. मग माज्या हातचा ऊस खाऊन खाऊन वाढली.” पाहुणे हसायचे, आम्ही बहिणी हसायचो. माय आज आबांपेक्षा बोटभर उंचच आहे, त्यामुळे ऊस खाऊन वाढल्याची गोष्ट आम्हाला अगदी खरी वाटायची. लहानपणी मी उंच व्हायला म्हणून ऊस खायचे.

मित्राने तुकडे जोडले. दोन पाटांची जागा त्याला इतकी आवडली की कार्यक्रमाची सुरुवातच त्याने मायच्या लग्नाने केली. दुसरा पाट ठेवतात तेव्हा त्याने ‘टुइंग’ असा आवाज टाकला. आम्ही तिघांनी त्याच्या लॅपटॉपवर ते पाहिलं आणि पोट धरून हसलो. मॅडमसुद्धा हसली, आणि ती सहजासहजी हसत नाही.

शेवटच्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आपापली लग्नं बघायला माणसं खेड्यापाड्यांतून आली होती. आबा धुतलेली टोपी घालून पुरुषांत दुसऱ्या रांगेत बसले होते आणि शेजारच्यांना सांगत होते, “आदी आमचंच हाय.” माय आणि धाकटी बायांच्या बाजूला, अगदी कडेला. नारळ फुटला, सत्कार झाला, मी माईकवर दोन वाक्यं बोलले आणि दिवे घालवले.

गुलाबाचं फूल फिरलं, त्यातून नावं आली, बँड वाजला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आबांचं मिसरूड फुटलेलं तोंड आलं तेव्हा पुरुषांच्या बाजूने आरोळी उठली. मग मामा नवरीला घेऊन आला. घरी टीव्हीवर ते नेहमी एका क्षणात निघून जायचं, मला वाटायचं मामाने खांद्यावर शालू टाकलाय. पडद्यावर दिसलं. शालू नव्हता. त्याने नवरीला उचलून खांद्यावर घेतलं होतं, कारण ती झोपली होती. तिची मान लोंबत होती. मुंडावळ्या गालाला चिकटल्या होत्या आणि तोंड उघडं होतं.

लोक अजून हसत होते. एका बाईने ओल्या पदराने तिचं तोंड पुसून तिला जागं केलं. तिला पाटावर उभं केलं, ती दिसेना. दुसरा पाट आला. टुइंग. सगळा हॉल खो खो हसला.

आणि मग कॅमेरावाला जवळ गेला.

पडद्यावर माणूस मोठं दिसतं. भिंतीएवढं तोंड होतं ते. आणि भिंतीएवढ्या त्या तोंडात मला माय लहान दिसली. लहान म्हणजे बुटकी नाही. लहान. गाल पोरीचे, कान पोरीचे, झोपेतून उठवल्यावर पोरं रडायच्या आधी ओठ काढतात तसा ओठ. हार घालायला तिने हात वर केले तर हिरव्या बांगड्या सुळकन कोपरापर्यंत घसरल्या, मग दिसलं की त्या दोऱ्याने दंडाला बांधल्या होत्या. मामाने मागून दोन्ही हातांनी तिची कंबर धरली होती, पाटावरून पडू नये म्हणून. डोक्यावर पडलेली अक्षता तिने केसांतून काढली, बघितली आणि खाल्ली.

तेव्हा माझ्या हातून माईक पडला.

हसणं एकदम नाही थांबलं. आधी बायांच्या बाजूचं थांबलं. पुरुषांतले काही जण थोडा वेळ हसत राहिले आणि मग आपण एकटेच हसतोय हे त्यांना कळलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती ऊस खाऊन नव्हती वाढली. पोरी वाढतात तशी वाढली होती. आमच्या घरात येऊन, तोडीच्या खोपीत राहून, मोळ्या उचलत वाढली होती, आणि आम्ही पाहुण्यांसमोर त्याचा विनोद करत होतो.

अंधारातून मायचा आवाज आला. “थांबव रे लेकरा. तितंच ऱ्हाऊ दे.”

मित्राने थांबवलं. माय उठून मधल्या वाटेने स्टेजवर गेली. आयुष्यात चार माणसांसमोर न बोललेली बाई. मी तिच्याकडे पळत जायला पाहिजे होतं, पण जागची हललेच नाही. ती पडद्यासमोर उभी राहिली तेव्हा अर्धं लग्न पडद्यावर आणि अर्धं तिच्या अंगावर पडलं होतं. माईक तिच्याकडे नव्हता आणि लागलाही नाही.

“मी बुटकी न्हवते,” ती म्हणाली. “मला तेरावं सरलं न्हवतं.”

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. मी आबांकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. मायकडे नाही, पडद्याकडे.

मग मायने धाकटीला हाक मारली. “हिकडं ये गं.” धाकटी शाळेच्या दोन वेण्या घातलेली, घाबरून, चप्पल हातात घेऊन स्टेजवर चढली. मायने तिला दंडाला धरून पडद्याला लावून उभी केली, त्या नवरीच्या शेजारी. मग लोकांकडे वळून म्हणाली,

“हिला एकच पाट लागंल. बास, एवडाच फरक हाय.”

एवढं बोलून ती खाली उतरली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बसल्यावर मित्राला म्हणाली, “लाव आता लोकांचं.” त्याने पुढची लग्नं लावली. पुन्हा गुलाब फिरले, बँड वाजले, बदामात नवरे आले. कुणी शिटी मारली नाही. प्रत्येक नवरी आली की बायांच्या बाजूला कुजबुज व्हायची आणि थांबायची. त्या काय मोजत होत्या हे मला विचारावं लागलं नाही. एक म्हातारी आपल्या सुनेचं लग्न यायच्या आधीच उठून गेली.

कार्यक्रम संपला तेव्हा आबा हॉलमध्ये नव्हते. त्यांची गाडीही नव्हती. आम्ही तिघी वडाप जीपने घरी निघालो. मला मायचा हात धरायचा होता आणि तिच्यावर ओरडायचंही होतं. शेवटी मी विचारलं, “माय, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस गं?”

“सांगत व्हते की,” ती अगदी साधेपणाने म्हणाली. “दर टायमाला सांगत व्हते, मला लई झोप आल्ती म्हनून. तुमी हसत व्हता.”

खरंच सांगायची. मामाचा खांदा आला की म्हणायचीच. ‘लई झोप आल्ती बाई मला.’ ते आम्हाला कॅसेटीतल्या बोलण्यासारखंच पाठ होतं. मी जीपच्या बाहेर बघत बसले. रस्त्यात काय लागलं ते मला आठवत नाही.

घरी आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवले नाहीत. मायने त्यांचं ताट झाकून ठेवलं, आणि रोजच्यासारखी झोपली. मला वाटलं होतं सकाळी भांडण होईल. गावासमोर अब्रू घालवली म्हणून आबा घर डोक्यावर घेतील, आणि हट्टाने सुपारी भाऊबीजेच्या आतच फोडतील. आमच्याकडच्या पुरुषांचं काही सांगता येत नाही, चूक दिसली की ते तिच्यावर जास्त जोर देतात. धाकटी आवरून बसली होती, पण शाळेला निघत नव्हती. आबांच्या तोंडाकडे बघत होती.

आबा उठले, तोंड धुतलं, चहा घेतला नाही. शेरडांच्या गोठ्याजवळ जाऊन त्यांनी फोन लावला. त्यांना वाटतं समोरचं गाव लांब असेल तर मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

“राम राम पाव्हनं. न्हाई, भाऊबीजेला नका येऊ. न्हाई जमायचं.” मग बराच वेळ पलीकडचं बोलणं. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माय चुलीपुढे भाकरी थापता थापता थांबली होती.

“कावून म्हंजे?” आबा ओरडले. “पोरगी अजून बुटकी हाय आमची.”

आमची धाकटी उंचीने आबांच्या कानापर्यंत येते. तिने दप्तर उचललं आणि ती शाळेला गेली.